चौदा नंबरचा आहेर

४ जानेवारी, रविवार. धारवाड

"दिसलं ते लिही. दिसलं नाही तर विचार. आणि पेनानं लिही." आमच्या बास्केटबॉलच्या सरांचं वाक्य. तेव्हा मी अठरा वर्षांची, बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला डुगडुगत्या टेबलाशी बसलेली, हातात टोक केलेली पेन्सिल. सरांनी ती काढून घेतली आणि खिशातलं निळं पेन दिलं. "पेन्सिलीनं लिहिणारा आधीच पळायची वाट ठेवतो," असंही म्हणाले. कानडीत म्हणाले, मग मला समजलं नसेल असं वाटून मराठीत.

आज आठवलं कारण कॉलेजमधून फोन आला. क्रीडा विभागाच्या मॅडम. मुलांची टीम कित्येक वर्षांनी यंदा पुन्हा विद्यापीठ विजेती. ८ फेब्रुवारीला समारंभ, स्मरणिका. टीमचा इतिहास मी लिहावा. "तुम्ही लेखिका, शिवाय तीन वर्षं टीमच्या स्कोअरर. दुसरं कोण लिहिणार?"

हो म्हटलं. फोन ठेवला आणि बराच वेळ भांडी आवरत राहिले. आवरलेलीच.

बसूला सांगितलं. एकदम खूश. "म्हणजे नवऱ्याचं चरित्र लिहिणार!"
म्हटलं, टीमचं.
"टीम म्हंजे कोण ग? कॅप्टन!"

७ जाने.

जिमखान्याच्या खोलीत दिवसभर. लोखंडी ट्रंक, त्यात स्कोअरबुकं. वाळवीने वरची दोन खाल्लीत, बाकी शाबूत. माझं अक्षर ओळखू येईना. इतकं सरळ लिहायचे मी?

इतिहास लिहायचा तर सुरुवात रिंगपासून करायला हवी. सर नवे होते तेव्हा कॉलेजकडे कोर्टच नव्हतं. मुलांनी स्वतः मुरूम पसरला, दगडी रोलर ओढला. बोर्ड सुताराकडून, रिंगा गावातल्या लोहाराकडून. लोहाराने कधी बास्केटबॉल पाहिला नव्हता; त्याने रिंगा इंचभर लहान केल्या. कुणी मोजलंच नाही. सात-आठ वर्षं मुलं त्याच रिंगेत बॉल टाकायला शिकली. बाहेरगावी गेली की तिथली रिंग त्यांना परातीएवढी दिसायची. पहिली तीन विजेतेपदं अशी आली! इथे येणारे संघ मात्र डोक्याला हात लावायचे, धारवाडच्या हवेला दोष द्यायचे.

मग कुणीतरी टेप घेऊन आला. नियमाच्या रिंगा लागल्या. पुढची दोन वर्षं टीम पहिल्याच फेरीत घरी. सर सांगायचे आणि स्वतःच हसून हसून खोकायचे.

हे सगळं लिहायचंच. मॅडमना आवडो न आवडो.

९ जाने.

आजचं टिपण (मुद्दे नंतर जोडायचे):
सिमेंटचं कोर्ट. दोन मुलं राज्याच्या संघात. बंगळूरला स्पर्धेत दुसरा नंबर. अनारक्षित डब्यातून उभ्याने गेलेले, उतरून थेट कोर्टावर. एक वर्ष पाचच मुलं उरली, बदली खेळाडू नाही, तरी उपांत्य फेरी.

धुण्याचा नियम. कुठल्या कॉलेजात असेल असा? मॅचमध्ये ज्याने सगळ्यांत जास्त फ्री थ्रो घालवले, त्याने साऱ्या जर्स्या धुवायच्या. नाव मी जाहीर करायचं, वही बघून. सहा-सहा फुटांची पोरं माझ्याभोवती गोळा. "अक्का, बघ की नीट! दोनच घालवले मी." मी टीममधल्या सगळ्यांपेक्षा लहान, आणि सगळ्यांची अक्का. घरी माझ्या शब्दाला कुणी विचारत नव्हतं. तिथे मी वाचलं की संपलं. चारचौघांत तोंड न उघडणारी मी त्या टेबलावर मोठ्याने वाचायला शिकले. पुढे जे काही लिहिलं, त्याची पहिली वही ही. सरांचे, त्या पोरांचे उपकार मोजता येणार नाहीत, आणि मोजूही नयेत.

१० जाने.

मॅडमना भेटायला गेले. व्हरांड्यातला पत्र्याचा निळा फलक आता काढणार, ग्रॅनाइटवर कोरून घेणार. मजकूर ५ फेब्रुवारीला कोरणाऱ्याकडे जाणार. "तुम्ही एकदा तपासून द्या. दगडावर चूक गेली की गेली."

फलकावरची चौथी ओळ. आमच्या वर्षाचं विजेतेपद, कर्णधाराचं नाव, आणि पुढे: शेवटच्या सेकंदाचा विजयी बास्केट.

तिथेच एक उंच मुलगी उभी. दोन वेण्या, पाठीला सॅक.
"तुम्ही स्कोअरवाल्या अक्का काय? अप्पांच्याकडं फोटो आहे तुमचा."
आमच्या टीममधल्या यल्लप्पाची मुलगी! रेणुका. यंदाच बीएस्सीला आली, सप्तापूरला खोली घेऊन राहते, बाप राहायचा तशीच. यल्लप्पा अळणावरकडच्या हायस्कुलात खेळाचा शिक्षक आहे, हे माहीत होतं. मुलगी इथे आहे हे नव्हतं.

"अप्पा म्हणतात चौदा नंबर माझा होता. इथं तर कुठंच नाव नाही. मैत्रिणी चिडवतात, तुझे अप्पा पाण्याची बादली धरत असतील." ती हसली. मग हसू थांबवून विचारलं, "खेळायचे न्हवं, खरंच?"
"खेळायचे."
एवढंच म्हणाले मी. एवढंच!

१२ जाने.

आता लिहायलाच हवं. इथे तरी.

ती फायनल. आम्ही एका गुणाने मागे. अगदी शेवटचे क्षण. बसूने डाव्या कोपऱ्यातून बॉल टाकला आणि धक्का लागून आडवा पडला. बॉल रिंगेला लागून उडाला, खाली पाच-सहा हात, त्यातून आत गेला. शिटी. बसू उठून बघतो तर जाळी हलतेय. लोक त्याच्यावर तुटून पडले.

मला शेवटचा बॉल दिसला नाही. कारण मी बॉलकडे बघतच नव्हते. बॉल हातातून सुटल्यावर अख्खं मैदान बॉलकडे बघतं. मी ज्याच्या हातातून सुटला त्याच्याकडे बघत राहिले. त्याला लागलं की काय, एवढंच डोक्यात.

रेफरी सहीला येत होता. बास्केट कुणाचा, तो रकाना रिकामा. टेबलाशी यल्लप्पा पाणी पीत उभा होता, घामाने निथळत. सरांचं वाक्य आठवलं: दिसलं नाही तर विचार. त्याला विचारलं. त्याने चार बोटं वर केली. मी ४ लिहिलं. पेनाने.

जर्सीचे नंबर तेव्हा चार ते पंधरा असायचे, हाताच्या खुणेने दाखवायचे. चार म्हणजे चार बोटं. चौदा म्हणजे एका हाताची मूठ आणि दुसऱ्या हाताची चार बोटं. मूठ म्हणजे दहा. कॅप्टन चार नंबर. यल्लप्पा चौदा.

संध्याकाळी सर बाजूला घेऊन म्हणाले, "बॉल यल्लप्पानं ढकलला. मी बाकावरून बघितलं. तू कुठं बघत होतीस तेही बघितलं." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. सही होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात बसूचं नाव.

सर जाऊन चार वर्षं झाली. हे तिघांना माहीत होतं, त्यातले आता दोघे उरलो. बसू त्यात नाही.

१५ जाने. संक्रांत

संक्रांत काल की आज यावरून शेजारी वाद. आम्ही दोन्ही दिवस केली. माझा तिळगूळ, बसूच्या आईकडचा एळ्ळू-बेल्ला, म्हणजे त्यांचा तीळ-गूळ, एकाच डब्यात.

या डब्याचंही मूळ त्या रकान्यातच आहे. बाबा वकील, शब्दाचे पक्के. बसूचं घर कानडी, जात वेगळी. दीड वर्ष लग्नाला नाहीच म्हणत होते. मग एक दिवस पेपरातलं ते कात्रण हातात घेऊन म्हणाले, "ऐन वेळी ज्याचा हात कापत नाही, त्याच्याकडे मुलगी द्यायला हरकत नाही." कात्रण शेवटपर्यंत त्यांच्या पाकिटात होतं.

मी तेव्हा बोलले नाही. बोलायला हवं होतं, हे सत्तावीस वर्षं दर संक्रांतीला आठवतं. गोड बोला म्हणताना.

हेही लिहायला हवं: बसूने बँकेची परीक्षा स्वतः अभ्यास करून दिली, नोकरी त्या बास्केटवर मिळाली नाही. आणि त्याचा हात खरंच कापत नाही. बाबांच्या शेवटच्या आजारात मी पाहिलंय. बाबांचा निष्कर्ष बरोबर, पुरावा चुकीचा.

१८ जाने.

बसू समारंभातलं भाषण पाठ करतोय. आरशासमोर. दोन्ही गुडघे धरून उठतो आणि "डाव्या कोपऱ्यातून" म्हणताना तो कोपरा हाताने दाखवतो. दाजीबानपेठेतून नवा शर्ट आणलाय. पांढरा.

स्मरणिकेतलं प्रकरण पूर्ण झालं. चौथ्या विजेतेपदाच्या जागी अर्धं पान कोरं.

२१ जाने.

कोरंच.

२३ जाने.

कोर्टावर गेले होते. यंदाची टीम सराव करत होती. काय वेग! स्कोअरला आता यंत्र, लाल आकडे. पण टेबलाशी एक मुलगी होतीच, कागदावरही लिहीत. पेनाने. बरं वाटलं.

रेणुका कडेला बसून बघत होती. मला जागा करून दिली. "अक्का, अप्पा कसे खेळायचे?" या वेळी सांगितलं: उडी मारायचा नाही जास्त, पण बॉल कुठे पडणार ते त्याला आधी कळायचं. हरलेली मॅच असली तरी परतीच्या टेंपोत गाणी म्हणायचा. धुणं बहुतेक त्याच्याकडे, फ्री थ्रो फार घालवायचा. ती टाळ्या पिटून हसली. "हे तर घरी सांगितलंच न्हाई!"
बापाबद्दल एवढं ऐकून तिचा चेहरा जो झाला, तो अर्ध्या कोऱ्या पानावर कसा मावेल.

२५ जाने., रविवार

सांगितलं.

बसू प्रकरण वाचत होता, चष्मा नाकावर. कोऱ्या जागेशी आला. "इथं काय? माझ्यासाठी ठेवलंस? मी लिहू?"
मी समोर बसले. सगळं सांगितलं. बाकावरून सर, चार बोटं, पेपर, बाबा.
त्याने कागद खाली ठेवला. मग कानडीत, अगदी हळू, "म्हणजे माझा गेला नाही?"
"नाही."
"रिंगेला लागला? पुढच्या बाजूला, का मागच्या?"
"मला नाही दिसलं."
"का नाही दिसलं? स्कोअरर ना तू!"
"मी तुझ्याकडे बघत होते."

मला वाटलं ओरडेल. तो हसायला लागला. मग चष्मा काढला. हसतोय की काय, कळेना. उठून आतल्या खोलीत गेला आणि दार लोटलं.

२६ जाने.

बसू चहा न घेताच बाहेर पडला. झेंडावंदनाला बँकेत गेला, दुपारी आला नाही. संध्याकाळी आला तो बुटांना धूळ. कोर्टावर गेला होता. सुट्टीचं कुणी नव्हतं. डाव्या कोपऱ्यातून बॉल टाकून पाहिले म्हणाला.
"किती गेले?"
"सुम्म इर ग." (गप्प बस, पण प्रेमाने. सत्तावीस वर्षांत हे प्रेमाने म्हणायला तो माझ्याकडून शिकला.)

जेवताना: "रविवारी अळणावरला जाऊ. बोर्ड बदलायचा."
पोळी तोडताना हात स्थिर होता. मी बघितलं.

१ फेब्रु., रविवार

केलगेरीवरून पुढे, मग सगळा भाताचा पट्टा. कापणी झालेली शेतं, खुंट. वाटेत बसूने दोनदा गाडी थांबवली. गुडघे आखडले म्हणाला. दुसऱ्यांदा कारण गुडघे नव्हते.

यल्लप्पा दारातच. केस गेलेत, पोट आलंय, हात तेच. बसूला मिठी मारली आणि उचलायचा प्रयत्न केला. "कॅप्टन, काय खातोस रे बँकेत? नोटा?"
चुरमुऱ्याचं गिरमिट, चहा. भिंतीवर एकच फोटो, टीमचा. मी कडेला, वही छातीशी धरून.

बसूने सरळ विषय काढला. फलक, दगड, ५ तारीख. "तुझं नाव टाकायचं. मीच स्टेजवर सांगणार."
यल्लप्पा बशीतून चहा पीत राहिला. मग म्हणाला, "तुला म्हाईत न्हवतं? मला वाटलं अक्कानं पहिल्या रातीच सांगिटलं असेल!" आणि त्याची बायको आतून, "काय बोलतायसा!"

मग मला म्हणाला, "अक्का, तू काय विचारलीस त्या दिवशी, आठवतंय?"
"बॉल कुणाचा, विचारलं."
"न्हाई. तू विचारलीस, 'बॉल कॅप्टनचाच ना?' असं तोंड करून. त्या तोंडाला चौदा कसं सांगायचं? आन् एका हातात तांब्या होता न्हवं, मूठ कशी वळणार?"

सगळे हसले. मी हसू शकले नाही. इतकी वर्षं मी मला सांगत आले की मी विचारलं होतं, सरांनी शिकवलं तसं. मी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं होतं, आणि त्याने नाही म्हटलं नाही.

बसू हट्टाला पेटला. यल्लप्पा ऐकेना. "तेव्हा ठरवून न्हाई केलं. तुमच्या लग्नाला आलो तर खिशात काय न्हवतं. मंडपात अक्काच्या बाबांनी तुला मिठी मारली, ते बघून म्हटलं, आपला आहेर आधीच पोचला. दिलेला आहेर परत आणून देतात काय रे? तुमच्यात देत असतील. आमच्यात न्हाई."
"अरे, पण खोटं आहे ते!"
"धुणं त्या दिवशी तुझ्यावर होतं, चार फ्री थ्रो घालवलास. ते बी मीच धुटलो. ते पण कोर दगडावर."

रेणुका दारात उभी होती. रविवारची घरी आलेली. कधीपासून, कुणी बघितलं नव्हतं. हातात रिकाम्या बशा.
"अप्पा, मग मी मैत्रिणींना काय सांगू?"
यल्लप्पाने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. मग, "सांग, बादली बी धरायचो."
ती हसली नाही. आत गेली. त्याने बशी खाली ठेवली, चहा अर्धाच.

निघताना तांदळाची पिशवी दिली, नको म्हणत असताना गाडीत टाकली. समारंभाला येणार का विचारलं. "शाळेत स्पर्धा हाय," म्हणाला. रविवारी?

२ फेब्रु.

बसू म्हणतो त्याला न विचारता नाव कोरू. मी म्हणते, न विचारता एकदा लिहिलं, पुरे.

त्याने भाषणाचा कागद फाडला. नवा शर्ट मात्र घालणार. "टीमचा कॅप्टन तर होतो ना?" होतास. आहेस.

रात्रीच्या भाताला त्या तांदळाचा वास. दोघांनी पोटभर खाल्लं. 

मनात हिशेब लागत नाही, नुसती देण्यात भर पडत चाललीय. एका माणसाने त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण उचलून मला दिला आणि वर धुणंही धुतलं. मी त्याला काय दिलं? एक चुकीचा आकडा. त्याच्या मुलीला एका शब्दाचं उत्तर.

३ फेब्रु.

मॅडमना फोन केला. चौथ्या ओळीतलं शेवटचं वाक्य ५ तारखेला देऊ नका, समारंभ होईपर्यंत थांबवा म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. स्कोअरशीट पुन्हा तपासायची आहे, म्हटलं. समारंभात ते जुनं स्कोअरबुक टेबलावर मांडायची परवानगी घेतली. टेबल तेच शोधलंय त्यांनी, डुगडुगतं. एका पायाखाली पुठ्ठा लागेल.

रेणुकाचा मेसेज: "अक्का, अप्पा काल फोटोसमोर उभे होते खूप वेळ. विचारलं तर म्हणाले फोटो वाकडा आहे. वाकडा न्हवता."

यल्लप्पाला लिहायला बसले. चार वेळा खोडलं. तो नाहीच म्हणेल. आहेर परत घेत नाहीत म्हणेल, शाळेत स्पर्धा म्हणेल. माहीत आहे. तरी मेसेज पाठवला, तो असा:

"यल्लप्पा, तुझा आहेर मी परत देत नाही. तो आमच्या घरात सत्तावीस वर्षं वापरून झालाय, परत देण्यासारखा राहिलेला नाही. पण वही माझी आहे, आणि तिच्यात एक रकाना मी न बघता, न विचारता भरलाय. तेवढा मला नीट भरू दे. रविवारी ये. रेणुकाला बरोबर आण. टेबलाशी मी असेन, सरांसारखं निळं पेन घेऊन. मी एकच प्रश्न विचारीन, आणि या वेळी त्यात कुणाचंही नाव नसेल. तू बोलू नकोस. फक्त दोन्ही हात रिकामे ठेवून ये."